सोमाली प्रवाह आणि आपला पाऊस: वारा पाण्याला ढकलतो, मग पाणी वाऱ्याचं काय करतं?

खारवारा:

मे महिना उजाडला की एल निनोच्या बातम्या सुरू होतात आणि सगळ्यांचे डोळे पॅसिफिककडे लागतात. आपल्या दाराशी असलेल्या अरबी समुद्रात, त्याच्या पार पलीकडच्या काठाला, सोमालियाच्या किनाऱ्याला काय चाललंय याबद्दल मराठीत फारच थोडं वाचायला मिळतं. म्हणून हा धागा.

गल्फ स्ट्रीम, कुरोशिओ, अगुल्हास हे महासागरांच्या पश्चिम काठाचे मोठे प्रवाह बारा महिने एकाच दिशेने वाहतात. सोमाली प्रवाह तसा नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी तो नैऋत्येकडे, म्हणजे विषुववृत्ताकडे वाहतो. जून ते सप्टेंबर तो उलटा फिरून ईशान्येकडे धावतो. पावसाळ्यात त्याचा वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ ४ नॉट. माणूस झपाझप चालला तरी मागे पडेल अशी ही पाण्याची ओढ आहे.

हे घडवतो तो वारा. दक्षिण गोलार्धात ३० अंशाच्या आसपास मस्कारीन बेटांजवळ जास्त दाबाचं केंद्र असतं. तिथून निघालेली हवा पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना घासत विषुववृत्त ओलांडते, उजवीकडे वळते आणि अरबी समुद्रावरून भारताकडे येते. हा झोत जमिनीपासून साधारण १ ते १.५ किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरकस असतो. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये तो आफ्रिकेपासून सलग मांडला म्हणून त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. पण जुलैत दक्षिण भारतावर पश्चिमेकडून येणारा असा झोत असतो हे पी. व्ही. जोसेफ आणि रामन यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं. ही दोन नावं आपल्याकडे जरा जास्त घेतली जायला हवीत.

वारा सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर. ती जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. हेच अपवेलिंग. रास हाफून या टोकाजवळ भर पावसाळ्यात पाणी २० अंश सेल्सियसच्याही खाली उतरतं, आणि त्याच वेळी कोकण किनाऱ्याला ते २७-२८ असतं. शिवाय ५ ते १० अंश उत्तरेच्या पट्ट्यात ४००-५०० किलोमीटर व्यासाचा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा ‘ग्रेट व्हर्ल’ नावाचा भोवरा तयार होतो.

इथवर वारा मालक आणि पाणी चाकर. माझं म्हणणं असं की पुढे पाणी वाऱ्याला लगाम घालतं, आणि मान्सून बेफाम होत नाही याचं एक कारण तिथे आहे. ज्यांनी यावर काम केलंय त्यांनी आकड्यांसह लिहावं.

अक्षांश_१७:

छान विषय. एक मूलभूत शंका. शाळेत आपण शिकलो की जमीन तापते, समुद्र थंड राहतो, या फरकामुळे मोसमी वारे येतात. मग सोमालियाजवळ समुद्र आणखी थंड झाला तर फरक वाढेल, वारा वाढेल, पाऊस वाढेल. लगाम कसा?

मोजपट्टी:

शाळेतलं चित्र वाऱ्याची दिशा समजवायला ठीक आहे, पावसाचं प्रमाण समजवायला अपुरं. पाऊस पडायला वाफ लागते, आणि वाफेचा हिशेब कागदावर करता येतो. बाष्पीभवन म्हणजे हवेची घनता गुणिले एक गुणांक गुणिले वाऱ्याचा वेग गुणिले (पाण्याला लगटून असलेल्या हवेतली बाष्पाची संपृक्त, म्हणजे जास्तीत जास्त मावेल तेवढी, मात्रा वजा वरच्या हवेतलं बाष्प).

घनता १.२, गुणांक ०.००१२, वारा सेकंदाला १२ मीटर, आणि वरच्या हवेत किलोमागे १६.५ ग्रॅम बाष्प धरा. पाणी २७ अंश असेल तर पृष्ठभागाची संपृक्त मात्रा साधारण २१.५ ग्रॅम. फरक ५ ग्रॅम. गुणाकार केला की दर चौरस मीटरला २१६ वॅट उष्णता वाफेच्या रूपाने वर जाते, म्हणजे दिवसाला साधारण ७.५ मिलिमीटर पाणी. आता पाणी २४ अंश करा. संपृक्त मात्रा १८ ग्रॅमवर येते, फरक उरतो १.५ ग्रॅम. उष्णता ६५ वॅट, पाणी सव्वादोन मिलिमीटर. समुद्र फक्त ३ अंशांनी थंड झाला आणि वाफ तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आली.

प्रत्यक्षात थंड पाण्यावरची हवाही थोडी कोरडी आणि थंड होत जाते, त्यामुळे घट इतकी टोकाची राहत नाही. पण दिशा हीच. हवामानाच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये उत्तर अरबी समुद्र हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात प्रत्यक्षापेक्षा थंड दिसतो, आणि त्याच मॉडेलांमध्ये भारतावरचा पाऊस कमी पडतो. शाळेतलं चित्र पुरेसं असतं तर उलट दिसलं असतं.

खारवारा:

मोजपट्टी, हिशेब चोख आहे. एक पुस्ती जोडतो, नाहीतर गैरसमज होईल: आपल्या पावसाची सगळी वाफ अरबी समुद्रातून येत नाही. बराच मोठा भाग दक्षिण हिंदी महासागरातून विषुववृत्त ओलांडून येतो आणि अरबी समुद्र त्यात भर घालतो. म्हणून अपवेलिंगचा परिणाम अखिल भारतीय आकड्यात पुसट दिसतो आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्यात ठळक दिसतो. ज्या वर्षी सोमालिया-ओमान किनाऱ्याचं अपवेलिंग मान्सूनच्या सुरुवातीला, मे-जूनच्या सुमारास कमजोर असतं, त्या वर्षी पश्चिम अरबी समुद्र उबदार राहतो, वाफ जास्त मिळते आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाऊस जास्त पडण्याकडे कल असतो.

वेळ महत्त्वाची आहे. ऑगस्टच्या अपवेलिंगवरून त्या हंगामाबद्दल काही काढायला गेलं तर घोटाळा होतो, कारण तोवर जोरदार वाऱ्यानेच पाणी थंड केलेलं असतं. थंड पाणी आणि चांगला पाऊस एकत्र दिसतात आणि कारण-परिणामाची उलटापालट होते.

बोया:

लगामाचा दुसरा पदर घर्षणाचा. वाऱ्याचा समुद्रावरचा ताण ठरवताना वारा आणि पाणी यांच्या वेगांतला फरक घ्यायचा असतो, आणि त्याचा वर्ग. बहुतेक ठिकाणी प्रवाह सेकंदाला १०-२० सेंटिमीटर असतो, तो सोडून दिला तरी चालतं. सोमाली प्रवाहात चालत नाही.

वारा १२, प्रवाह त्याच दिशेने २. फरक १०. १०० भागिले १४४ म्हणजे ०.६९. ताण ३१ टक्क्यांनी कमी. आता ग्रेट व्हर्लच्या पूर्व कडेला या. भोवरा घड्याळासारखा फिरत असल्यामुळे तिथलं पाणी दक्षिणेकडे, वाऱ्याच्या विरुद्ध वाहतं. तिथेही २ धरले तर फरक १४, १९६ भागिले १४४, म्हणजे ताण ३६ टक्क्यांनी जास्त. पश्चिमेला वारा भोवऱ्याला कमी ढकलतो, पूर्वेला त्याला जास्त अडवतो. म्हणजे भोवऱ्याचा ब्रेक वाऱ्यातच बसवलेला आहे.

तिसरा पदर: थंड पाण्यावर हवा स्थिर होते. वरच्या जोरदार वाऱ्याचा जोर खाली उतरत नाही, पृष्ठभागावरचा वारा मंदावतो. उबदार पाण्यावर हवा घुसळली जाते आणि वरचा वेग खाली येतो. ग्रेट व्हर्लच्या कडेने थंड पाण्याची शेपटी गुंडाळली जाते तेव्हा पृष्ठभागाच्या वाऱ्याच्या नकाशात तीच शेपटी मंद वाऱ्याच्या रूपात उमटलेली दिसते. उपग्रहाच्या नकाशात एकदा ती ओळखता आली की मग दर जुलैत नजर तिथेच जाते.

काम करणाऱ्यांसाठी सूचना: स्कॅटरोमीटर उपग्रह जो वारा देतो तो मुळातच वाहत्या पाण्याच्या सापेक्ष असतो, कारण तो लाटांच्या खरखरीवरून मोजतो. ईआरए-५ (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून बनवलेली युरोपची हवामान माहिती) च्या मॉडेलला मात्र समुद्राचे प्रवाह माहीतच नाहीत. दोन्हींची तुलना करून ‘ईआरए-५ चुकतंय’ असा निष्कर्ष काढण्याआधी सोमालियाजवळ प्रवाहाचा वेग वजा करून पाहा. बऱ्यापैकी फरक तिथेच सापडतो.

तांडेल:

वरचे तिन्ही पदर स्थानिक आहेत. सर्वांत मोठा लगाम विषुववृत्तावर आहे आणि तो अजून कोणी मांडला नाही.

उत्तर गोलार्धात नैऋत्य वाऱ्यामुळे वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे आग्नेयेला सरकतं. दक्षिण गोलार्धात आग्नेय व्यापारी वारे वायव्येकडे वाहतात आणि तिथे पाणी डावीकडे सरकतं, म्हणजे नैऋत्येला. दोन्हीकडे ते दक्षिणेकडेच ढकललं जातं. म्हणजे पावसाळ्यात वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे येत असताना समुद्राचा तापलेला वरचा थर उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असतो, आणि बदली पाणी सोमाली प्रवाहातून खालच्या थंड थरातून उत्तरेला येतं. या फेऱ्यातून भर पावसाळ्यात १ पेटावॉटहून (एकावर पंधरा शून्य इतके वॅट) जास्त उष्णता दक्षिण गोलार्धात जाते. हिवाळ्यात वारे उलटले की उष्णताही उलटी, उत्तरेकडे येते.

आता साखळी जोडा. मान्सून जोरदार, वारा जोरदार, दक्षिणेकडे जाणारी उष्णता जास्त, उत्तर हिंदी महासागर जास्त थंड, पुढची वाफ कमी. मान्सून कमजोर पडला तर उत्तरेत उष्णता शिल्लक राहते. लागोपाठच्या दोन हंगामांत चढ-उतार दिसतो त्यामागे ही यंत्रणा असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी: वातावरणाच्या संपूर्ण उंचीत जेवढी उष्णता सामावते तेवढी समुद्राच्या वरच्या जेमतेम ३ मीटर पाण्यात सामावते. पुढच्या हंगामाची आठवण राहते ती पाण्यात.

अक्षांश_१७:

माझी शंका फिटली, धन्यवाद. आता आयओडी (इंडियन ओशन डायपोल, म्हणजे हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व बाजूंच्या तापमानातला चढ-उतार) या चित्रात कुठे बसतो? बातम्यांत ‘पॉझिटिव्ह आयओडी म्हणजे चांगला पाऊस’ एवढंच येतं.

तांडेल:

विषुववृत्तावर वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पश्चिमेचे वारे सुटतात आणि पूर्वेकडे सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने एक अरुंद प्रवाह धावतो. क्लाउस विर्ट्की यांनी १९७३ मध्ये तो दाखवला म्हणून विर्ट्की जेट. हा प्रवाह उबदार पाणी सुमात्राकडे नेऊन साठवतो. म्हणून एरवी पूर्व बाजूला उबदार थर जाड असतो आणि ढगही तिथेच जमतात.

पॉझिटिव्ह आयओडीच्या वर्षी सुमात्रा-जावाजवळ पूर्वेचे वारे वाढतात, तिथे अपवेलिंग होतं, पाणी थंडावतं. पूर्वेला ढग कमी, पश्चिमेला जास्त, त्यामुळे विषुववृत्तावर पूर्वेचे वारे आणखी वाढतात आणि शरद ऋतूतला विर्ट्की जेट मंदावतो किंवा उलटतोच. उबदार पाणी पश्चिमेला अडकतं. हा बदल महासागरभर पोचवणाऱ्या, जणू निरोप नेणाऱ्या लाटाही मोजता येतात: केल्विन लाट सेकंदाला सुमारे २.५ मीटरने विषुववृत्तावरून पूर्वेकडे जाते, महासागराची ५९०० किलोमीटर रुंदी सुमारे २७ दिवसांत पार करते. रॉस्बी लाट पश्चिमेकडे परतते तिचा वेग तिसरा हिस्सा, तिला जवळपास ३ महिने लागतात. हंगामभर टिकणारी स्मृती इथून येते.

ही घटना १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी ‘डायपोल’ या नावाने मांडली. सुलोचना गाडगीळ यांनी मात्र २००४ मध्ये आणि पुढेही आग्रह धरला की भारताच्या पावसाशी नातं पाहायचं तर पाण्याच्या तापमानापेक्षा विषुववृत्तावरचा वारा आणि ढग पाहा. ‘इक्विनू’ म्हणजे विषुववृत्तीय हिंदी महासागरावरचं वाऱ्या-ढगांचं दोलन, त्याचा त्यांचा निर्देशांक ६० ते ९० अंश पूर्व, २.५ दक्षिण ते २.५ उत्तर या पट्ट्यातल्या पृष्ठभागावरच्या पूर्व-पश्चिम वाऱ्यावर आहे. मला हा आग्रह अतिशय योग्य वाटतो. पाणी २८ अंशांच्या आसपासचा उंबरठा ओलांडून आधीच वर असेल तर आणखी अर्ध्या अंशाने ढगांत फारसा फरक पडत नाही. उंबरठ्याच्या खाली-वर होताना मात्र मोठा फरक पडतो. जोसेफ आणि जोशी यांच्यासोबत गाडगीळांनी हा उंबरठा १९८४ मध्येच दाखवला होता.

मोजपट्टी:

आयओडीला भविष्य समजू नका, ही कळकळीची विनंती. २०१९ घ्या. जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट. सप्टेंबरमध्ये सरासरीच्या १५२ टक्के, हंगाम ११० टक्क्यांवर संपला, वायव्य भारतातून परतीची सुरुवात ९ ऑक्टोबरला, म्हणजे नोंदींतली सर्वांत उशिराची. आयओडी ऑक्टोबरमध्ये २ अंशांच्या पुढे गेला. अरबी समुद्रात त्या वर्षी वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळं झाली. हे सगळं एका माळेत छान बसतं.

आता २०२३. आयओडी पॉझिटिव्ह, सोबत एल निनो. ऑगस्टमध्ये देशात ३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, हंगाम ९४ टक्के. १९९७ मध्ये तर दोन्ही प्रचंड जोरात होते आणि पाऊस सरासरीइतका झाला. आयओडीचा कळस सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतो, खरिपाच्या पेरणीचे निर्णय जूनमध्ये घ्यायचे असतात. ऑक्टोबरचा आकडा जूनला लावून गावोगाव फिरणारे संदेश शेतकऱ्याचं नुकसान करतात.

निर्देशांक स्वतः काढणाऱ्यांसाठी कृती लिहितो, कारण चुका ठरलेल्या आहेत. पश्चिमेची चौकट ५०-७० पूर्व, १० दक्षिण ते १० उत्तर; पूर्वेची ९०-११० पूर्व, १० दक्षिण ते विषुववृत्त. मासिक तापमान घ्या, प्रत्येक चौकटीची सरासरी काढा, १९९१-२०२० च्या त्या-त्या महिन्याची सरासरी वजा करा, मग पश्चिम वजा पूर्व. ०.४ च्या वर सलग काही आठवडे टिकला तर पॉझिटिव्ह.

पहिली चूक अक्षांशांच्या क्रमाची. ओआयएसएसटी या समुद्र-तापमानाच्या माहितीसंचात अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातात, ईआरए-५ मध्ये उत्तरेकडून उतरत येतात. पायथनच्या एक्सअरे या आकड्यांचे तक्ते हाताळणाऱ्या पॅकेजमध्ये उणे १० ते १० असा तुकडा ईआरए-५ वर मागितला की रिकामी पेटी मिळते, एरर येत नाही, आणि सरासरी ‘नॅन’ (म्हणजे आकडाच नाही) येते. आधी अक्षांश क्रमाने लावून घ्या. दुसरी चूक जास्त धोकादायक, कारण उत्तर दिसायला बरोबर येतं: पश्चिम हिंदी महासागर गेली कित्येक दशकं झपाट्याने तापतोय. हा कल काढला नाही तर अलीकडची वर्षं उगाच पॉझिटिव्ह दिसतात. तिसरी: ३ महिन्यांची मध्यवर्ती सरासरी घेऊन ती पावसाशी जोडणं. जूनच्या आकड्यात जुलै मिसळलेला असतो, म्हणजे उत्तर आधीच फोडलेलं.

अक्षांश_१७:

सोमालियाच्या अपवेलिंगसाठीही असाच निर्देशांक करता येईल का? आणि प्रवाहाचा वेग कुठून घ्यायचा? आर्गो?

बोया:

आर्गो तरंगकं प्रवाहासाठी घेऊ नका. ती १००० मीटरवर वाहत राहतात, साधारण १० दिवसांनी २००० मीटरवर जाऊन वर येतात आणि तापमान-क्षारतेचा उभा छेद देतात. वर ती फार थोडा वेळ असतात. उबदार थराची जाडी पाहायला उत्तम, पृष्ठभागाच्या वेगासाठी निरुपयोगी.

वेग उपग्रहाने मोजलेल्या समुद्रपातळीच्या उतारावरून निघतो. ८ अंश उत्तरेला १५० किलोमीटरमध्ये पातळी ३० सेंटिमीटरने बदलत असेल तर वेग सेकंदाला सुमारे १ मीटर. तेच सूत्र १ अंश उत्तरेला लावलं तर ७.७ मीटर येतो, जो अशक्य आहे. सूत्रात अक्षांशाची ज्या (साइन) भाजकात असते आणि विषुववृत्ताजवळ ती शून्याकडे जाते. म्हणून २-३ अंशांच्या आत साधा उतार वापरायचा नाही. ऑस्करसारखी प्रवाहांची तयार माहिती घ्या, तिथे यासाठी वेगळी सोय केलेली असते.

अपवेलिंगसाठी ५-१२ उत्तर, ५०-५५ पूर्व ही चौकट चालेल, नकाशातले जमिनीचे ठोकळे मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा. पावसाळ्यात ढगांमुळे इन्फ्रारेड उपग्रहाला पाणी दिसत नाही, त्या जागा अंदाजाने भरल्या जातात आणि थंड शेपट्या पुसल्या जातात. मायक्रोवेव्ह ढगांतून पाहतो, पण किनाऱ्यालगतच्या साधारण ५०-१०० किलोमीटरमध्ये जमिनीचा संकेत मिसळतो, आणि नेमकं थंड पाणी तिथेच. दोन्ही एकत्र केलेली माहिती घ्या आणि किनारी ठोकळ्यांवर फार विसंबू नका.

खारवारा:

आपल्या बाजूच्या किनाऱ्याचीही नोंद इथे असावी. नोव्हेंबर ते जानेवारीत बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपकडे येतं. ते हलकं असल्यामुळे वरचा थर पातळ राहतो, खालच्याशी मिसळत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन लागून पाणी ३० अंशांच्या वर जातं. मान्सून आला की हा गरम डबका काही दिवसांत मोडतो. तिथल्या ‘लक्षद्वीप हाय’ या समुद्रपातळीच्या फुगवट्याचं गणित १९९७ मध्ये गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून शंकर आणि शेट्ये यांनी मांडलं. केरळजवळ मान्सूनच्या तोंडावर होणाऱ्या चक्राकार वाऱ्यांची पाळंमुळं अनेकदा या डबक्यात असतात. म्हणजे उपसागरातला हिवाळी प्रवाह आणि जूनचा वारा यांच्यात पाच-सहा महिन्यांचं अंतर असूनही धागा तुटत नाही.

अक्षांश_१७:

शेवटचं. घाटात पाऊस सुरू आहे की खंड पडणार, हे फिंडलेटर जेटवरून रोज पाहता येतं का?

तांडेल:

येतं, आणि हे सर्वांनी शिकून घ्यावं असं आहे. ८५० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीचा वाऱ्याचा नकाशा उघडा. जोरदार पावसाच्या काळात जेटचा गाभा १२.५ ते १७.५ अंश उत्तरेच्या दरम्यान द्वीपकल्प ओलांडतो. गोवा १५.५ वर आहे, रत्नागिरी १७ वर. खंडाच्या काळात हाच गाभा पूर्व अरबी समुद्रातून आग्नेयेला वळतो आणि भारताला वळसा घालून २ ते १० अंश उत्तरेतून, श्रीलंकेच्या आसपासून निघून जातो. एका दिवसाच्या नकाशावर जाऊ नका, कारण एखादं कमी दाबाचं क्षेत्र तो दिवसभरासाठी ओढून घेतं. सलग पाच दिवसांची सरासरी घ्या, पहाटे साडेपाचचा नकाशा रोज ठेवा, आणि गाभ्याचा अक्षांश वहीत लिहीत चला. जुलैच्या मध्याला तो १५ वरून ८ कडे घसरायला लागला की भाताची लावणी उरकलेल्यांनी बांध बुजवून पाणी धरून ठेवावं.